विश्लेषण : गोल दिसतो, बचाव दिसत नाही... अन्वर अलीला जोखायचे कसे?

भारतीय फुटबॉलमधील सर्वांत गुणी तरुण सेंटर बॅक कोण, या प्रश्नाला गेली काही वर्षे बहुतेकांकडून एकच नाव ऐकू येते : अन्वर अली. मात्र सर्वांत भरवशाचा सेंटर बॅक कोण, असे विचारले की तेच लोक थोडे थांबतात. काही जण संदेश झिंगनचे नाव घेतात, काही राहुल भेकेचे. गुणी आणि भरवशाचा या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे ते नेमके कशाचे आणि ते भरून निघेल का, याचा हा आढावा.

दिल्लीतला तो एक फटका

६ ऑक्टोबर २०१७. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर १७ वर्षांखालील विश्वचषकात यजमान भारताचा पहिला सामना अमेरिकेशी होता. महाराष्ट्रातल्या अनेकांनी तो कोल्हापूरच्या अनिकेत जाधवसाठी पाहिला. भारत ०-२ असा मागे होता. सामना संपत आला असताना सतरा वर्षांच्या एका बचावपटूने पुढे येऊन फटका मारला, चेंडू क्रॉसबारवर आदळला. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल थोडक्यात हुकला. प्रेक्षकांचे हात डोक्यावरच होते, तोवर अमेरिकेने तोच चेंडू घेऊन प्रतिहल्ला केला आणि अँड्र्यू कार्लटनने तिसरा गोल केला.

तो फटका मारणारा अन्वर अली. जालंधर जिल्ह्यातील आदमपूरचा, २८ ऑगस्ट २००० रोजी जन्मलेला. त्याच्याविषयी पुढच्या आठ वर्षांत जे काही बोलले गेले, ते सगळे त्या एका प्रसंगात आहे. बचावपटूच्या पायात असा फटका असणे दुर्मीळ. आणि बचावपटू पुढे गेला की मागे जे मैदान मोकळे पडते, त्याची किंमतही लगेच वसूल होते. त्या गोलचा दोष त्याच्या एकट्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. ०-२ ने मागे असलेला संघ सगळी माणसे पुढे पाठवणारच. पण लक्षात काय राहते, ते पाहा. बहुतेकांना क्रॉसबार आठवतो, तिसरा गोल कसा झाला ते आठवत नाही.

सेंटर बॅकचे काम नेमके काय?

कबड्डी पाहणाऱ्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे. कोपरारक्षक चढाईपटूवर कधी झेपावतो, यावर सगळे अवलंबून असते. एका क्षणाने आधी झेपावला तर चढाईपटू बोनस घेऊन किंवा स्पर्श करून निघून जातो. उशीर केला तर तो मध्यरेषेवर पोहोचलेला असतो. चांगला कोपरारक्षक बराच वेळ काहीच करत नाही, फक्त पावले टाकून चढाईपटूची जागा कमी करत राहतो. सेंटर बॅकचे तेच. गोलरक्षकाच्या पुढे, मैदानाच्या मधोमध, बहुधा दोघांच्या जोडीने उभा असलेला हा खेळाडू. समोरचा आघाडीपटू पाठ करून चेंडू घेणार की मागच्या मोकळ्या जागेत धावणार, हे त्याला अर्ध्या सेकंदात ओळखावे लागते. बरोबर ओळखले तर काहीच घडत नाही. पास दिलाच जात नाही, किंवा दिलेला पास आरामात अडवला जातो. टीव्हीवर त्याचा रीप्ले दाखवण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून सेंटर बॅकला आकड्यांवरून जोखणे अवघड. टॅकल किती केले, चेंडू किती वेळा बाहेर काढला, हेडर किती जिंकले हे मोजता येते. पण जास्त टॅकल याचा अर्थ चांगला बचाव असा होत नाही. कित्येकदा आधी उभे राहण्याची जागा चुकलेली असते म्हणून शेवटी घसरून टॅकल करावा लागतो. मँचेस्टर युनायटेडने २००१ मध्ये याप स्टामला लॅझिओला विकले. त्याचे टॅकल कमी झाल्याचे आकडे सांगत होते आणि तेच या व्यवहाराचे एक कारण होते, असे तेव्हापासून बोलले जाते. स्टामला जाऊ देणे ही आपली चूक होती, हे अॅलेक्स फर्ग्युसन यांनी नंतर मान्य केले.

अभियांत्रिकीत नमुन्याचा आकार पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, असे शिकवतात. आघाडीपटूचा नमुना मोठा असतो, कारण त्याला सामन्यात पाच-सहा संधी मिळतात आणि त्यातल्या चार वाया घालवूनही तो नायक ठरतो. सेंटर बॅकच्या खऱ्या चुका हंगामात मोजक्या. त्यातली एखादी शेवटच्या मिनिटाला झाली की तीच त्याची ओळख होऊन बसते.

अन्वरचे बळ कशात?

सर्वांत आधी त्याचा पास. मागून चेंडू घेऊन मान वर करणारा आणि विरुद्ध बाजूच्या विंगरच्या पायात चाळीस-पन्नास मीटरचा तिरका पास टाकणारा बचावपटू भारतात फार पाहायला मिळाला नाही. आपल्याकडे सेंटर बॅक घडवताना वर्षानुवर्षे एकच सूचना दिली गेली : चेंडू आला की उडव. उंच, दणकट, हेडर जिंकणारा मुलगा दिसला की त्याला मागे उभे करायचे आणि चेंडूशी त्याचा संबंध शक्य तितका कमी ठेवायचा. अन्वर या परंपरेत बसत नाही. दबाव टाकायला आघाडीपटू अंगावर आला, तरी तो घाईने चेंडू बाहेर मारत नाही. एक पाऊल बाजूला घेऊन पुढचा पर्याय शोधतो. समोरचा संघ मागे बसून बचाव करत असेल, तर असा एक खेळाडू मध्यक्षेत्रात जास्तीचा माणूस मिळाल्यासारखाच असतो.

दुसरे बळ फटक्याचे. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधील कोटिफ चषकात भारताच्या २० वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले. अर्जेंटिनाच्या त्या संघाचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी पुढे चार वर्षांनी मेसीच्या संघाला विश्वचषक जिंकून दिला. दीपक टांगरीने चौथ्या मिनिटाला गोल केला होता. उत्तरार्धात अनिकेत जाधवला लाल कार्ड मिळाले आणि भारताचे दहाच खेळाडू उरले. अशा वेळी ६८व्या मिनिटाला फ्री-किक मिळाली. ती घ्यायला पुढे आला सेंटर बॅक, अजून अठरा वर्षेही पूर्ण न झालेला. चेंडू थेट गोलमध्ये गेला. त्या गोलची चित्रफीत आजही फिरते. त्यानंतरची साधारण वीस-पंचवीस मिनिटे दहा जणांनी अर्जेंटिनाला एकाच गोलवर कसे रोखले, हे मात्र फार कोणी पाहत नाही. माझ्या मते अन्वरविषयी जास्त सांगणारा भाग तोच आहे.

तिसरे, दुसऱ्या बाजूच्या गोलसमोरचा त्याचा वावर. १४ जून २०२२ रोजी कोलकात्यात आशियाई चषक पात्रता फेरीत हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने गोल केला, भारत तो सामना ४-० ने जिंकला. २९ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे पंचविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, काफा नेशन्स चषकात ताजिकिस्तानविरुद्ध पाचव्या मिनिटाला लांब थ्रो-इनवर त्याने हेडर मारून गोल केला. थोड्याच वेळात संदेश झिंगनने दुसरा गोल केला. खालिद जमील यांचा राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून तो पहिला सामना, आणि भारताचे दोन्ही गोल दोन सेंटर बॅकचे. आघाडीपटूंविषयी यातून काय कळते, हा वेगळ्या लेखाचा विषय.

मग त्रुटी कोणत्या?

येथून पुढचे मूल्यमापन माझे आहे आणि ते त्याचे सामने पाहून केलेले आहे.

अन्वर लवकर बाहेर येतो. आघाडीपटू पाठ करून चेंडू घेतोय असे दिसले की त्याच्या अंगावर जाऊन चेंडू काढण्याचा त्याला मोह होतो. दहापैकी आठ वेळा तो यशस्वी होतो, आणि तेव्हा तो फार देखणा दिसतो. उरलेल्या दोन वेळी चेंडू एका स्पर्शात बाजूला सरकवला जातो आणि त्याने सोडलेल्या जागेत कुणीतरी धावतो. कबड्डीच्या भाषेत, हा आगाऊ पकडीचा शौक आहे. शेजारी झिंगनसारखा सतत ओरडून रांग सरळ ठेवणारा जोडीदार असेल तर हा धोका झाकला जातो. जोडीदार नवखा असेल तर उघडा पडतो.

दुसरी त्रुटी वळण्याची. समोर तोंड करून धावताना तो ठीक आहे. पण पाठीमागे टाकलेल्या चेंडूसाठी १८० अंशांत वळून धावायचे असेल, तेव्हा पहिली दोन-तीन पावले जड पडतात. चपळ, लहान चणीचे आघाडीपटू याचा फायदा घेतात. वेग वाढवणे पंचविशीत फारसे शक्य नसते. शक्य असते ते एवढेच की चेंडू निघण्याआधी दीड मीटर मागे सरकून उभे राहणे. हे वाचनाचे काम आहे, पायांचे नाही. म्हणून या त्रुटीकडे मी निराशेने पाहत नाही.

तिसरी गोष्ट स्वतःच्या गोलकडे तोंड असताना घ्यायच्या निर्णयांची. जून २०२३ मधला सॅफ स्पर्धेतला कुवेतविरुद्धचा सामना याचे उदाहरण म्हणून सगळे देतात. बंगळूरुत छेत्रीच्या गोलमुळे भारत १-० ने पुढे होता. भरपाई वेळेत आलेला क्रॉस बाहेर काढण्याच्या प्रयत्नात अन्वरच्या पायाला लागून चेंडू भारताच्याच जाळ्यात गेला. सामना १-१ असा सुटला. त्याआधी मार्चमध्ये म्यानमारपासून नेपाळपर्यंत सलग आठ सामन्यांत भारताने एकही गोल स्वीकारला नव्हता. ती मालिका प्रतिस्पर्ध्याने मोडली नाही, स्वयंगोलने मोडली. साहजिकच समाजमाध्यमांवर दोन दिवस एकच चित्रफीत चालली.

पण स्वयंगोल हा सेंटर बॅकच्या धंद्यातला खर्च आहे. जो क्रॉसपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या नावावर स्वयंगोल लागत नाही. त्या प्रसंगात पाहायची गोष्ट वेगळी. क्रॉस येण्याआधी त्याचे शरीर कोणत्या दिशेला होते? अर्धे वळून उभा राहिला असता तर चेंडू बाजूला जाण्याची शक्यता वाढली असती. हे तंत्र अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी शेकडो क्रॉस अडवून अंगवळणी पडते. आणि नेमकी तीच वर्षे अन्वरकडे नाहीत.

गेलेली वर्षे

२०१८ मध्ये मुंबई सिटी एफसीने त्याला करारबद्ध केले आणि अनुभवासाठी इंडियन ॲरोजकडे पाठवले. २०१९ मध्ये क्लबच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयात दोष आढळला. एपिकल हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाच्या टोकाकडचा स्नायू प्रमाणाबाहेर जाड असणे. या गटातील विकारांत कठोर व्यायामाच्या वेळी हृदयाचे ठोके अचानक बिघडण्याची भीती असते. फुटबॉल जगतात याची आठवण फार कटू आहे. २६ जून २००३ रोजी लिआँमध्ये कॉन्फेडरेशन्स चषकाच्या उपांत्य सामन्यात कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फो मैदानातच कोसळला आणि गेला. त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी होती, हे शवविच्छेदनात कळले.

अन्वर तेव्हा एकोणीस वर्षांचा. मुंबईकडून त्याचा एकही सामना झाला नाही. २०२० मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगने त्याला घेतले, पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला सराव करू देऊ नये असे क्लबला कळवले. अन्वर दिल्ली उच्च न्यायालयात गेला. बराच वाद झाल्यावर, २०२१ मध्ये त्याला खेळण्याची वाट मोकळी झाली.

येथे कोण बरोबर होते? महासंघाला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि तेव्हा तसे बरेच लिहिले गेले. पण मैदानात एखादा मुलगा गेला असता, तर परवानगी देणाऱ्यांनाच प्रश्न विचारले गेले असते. दुसरीकडे, एकोणीस वर्षांच्या मुलाला, ज्याच्या घराला या खेळावाचून दुसरा आधार नाही, त्याला एका कागदावर आयुष्यभराची बंदी घालणे हाही निर्णय हलका नव्हता. त्याच सुमारास वैद्यकशास्त्राची भूमिकाही बदलत होती. युरोप आणि अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० मध्ये सरसकट बंदीऐवजी प्रत्येक खेळाडूची जोखीम स्वतंत्रपणे तपासावी आणि निर्णयात खेळाडूला सामील करून घ्यावे, याकडे कल दाखवला. मला हा मार्ग पटतो. त्याची अट मात्र कडक आहे : नियमित तपासण्या, आणि प्रत्येक मैदानावर डीफिब्रिलेटर व तो वापरता येणारा माणूस. १२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला. त्याचे दुखणे कोणते हा वेगळा प्रश्न, पण तो वाचला तो मैदानावरच मिळालेल्या उपचारांमुळे. आपल्याकडे जिल्हा स्तरावरच्या किती मैदानांवर हे यंत्र असते, याची चौकशी प्रत्येक पालकाने करावी.

अन्वर परतला तो दिल्ली एफसीतून. २०२२ च्या सुरुवातीला एफसी गोवाकडे आला आणि मार्चमध्ये भारताकडून पहिला सामना खेळला. मधल्या काळात त्याच्या वयाचे बचावपटू दर आठवड्याला चुका करत होते, मार खात होते, शिकत होते. अन्वरने ती शाळा बुडवली, स्वतःच्या इच्छेविरुद्ध. त्याच्या खेळात जे दिसते ते या पार्श्वभूमीवर पाहिले की चित्र जुळते. पास, फटका, चेंडूवरचा ताबा हे एकट्याने, भिंतीवर चेंडू मारूनही घोटता येते. अंतर, वेळ, जोडीदाराशी समन्वय हे फक्त सामन्यात शिकता येते. म्हणजे त्याचे बळ आहे ते सरावाने येणारे, आणि त्रुटी आहेत त्या सामन्यांअभावी राहिलेल्या. त्या स्वभावातल्या असत्या तर चिंता मोठी होती.

भेकेकडे पाहा

सेंटर बॅक उशिरा पिकतो याचे उदाहरण मुंबईतच आहे. राहुल भेकेचा जन्म डिसेंबर १९९० चा. ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी, बंगळूरु असा प्रवास, त्यातला बराचसा राइट बॅक म्हणून. भारताकडून पहिला सामना खेळला तो २०१९ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत झालेल्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून त्याने बंगळूरुला विजेतेपद मिळवून दिले. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय आणि निर्णायक हेडर भेकेचाच.

भेकेकडे अन्वरचा पास नाही, फ्री-किक तर नाहीच. पण तो फारसा कुठे अडकलेला दिसत नाही, कारण चेंडू पोहोचण्याआधी तो तिथे उभा असतो. ६ जून २०२४ रोजी सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध, छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात, मधल्या जोडीत भेके आणि अन्वर होते. सामना ०-० असा सुटला. सगळ्यांचे लक्ष छेत्रीकडे होते, ते स्वाभाविकच. तो सामना पुन्हा पाहायला मिळाला तर अन्वर पुढे सरकल्यावर भेके काय करतो, तेवढेच पाहा. कसलाही गाजावाजा न करता तो चार पावले आत येतो. अन्वरने जे शिकायचे आहे ते त्या चार पावलांत आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. जानेवारी २०२४ मधल्या आशियाई चषकात अन्वर दुखापतीमुळे नव्हता. भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया या तिघांकडून हरला, सहा गोल स्वीकारले आणि एकही करू शकला नाही. केवळ एका बचावपटूच्या अनुपस्थितीचा हा परिणाम नव्हता. पण मागून चेंडू बाहेर काढायला माणूस नसेल तर संघ सतत चेंडू उडवत राहतो, तो परत येत राहतो आणि अखेर बचाव दमतो, हे त्या स्पर्धेत दिसले.

क्लबचे आकडे कितपत खरे?

येथे एक सावधगिरी. अन्वर ज्या क्लबांकडून खेळला त्यांचा विचार करा. एफसी गोवा, मोहन बागान, ईस्ट बंगाल. मोहन बागानसोबत त्याने २०२३ चा ड्युरंड चषक आणि २०२३-२४ ची लीग शील्ड जिंकली. असे संघ घरच्या लीगमध्ये चेंडू जास्त वेळ स्वतःकडे ठेवतात. अशा संघात सेंटर बॅकच्या पासचे आकडे फुगतात आणि बचावाची परीक्षा मोजक्या वेळीच होते. भारताकडून इराण किंवा कतारविरुद्ध उभे राहिले की प्रमाण उलटे होते. तेव्हा क्लबमध्ये चमकणारा अन्वर राष्ट्रीय संघात कधी कधी वेगळाच खेळाडू वाटतो, यात गूढ काही नाही. प्रश्नपत्रिकाच वेगळी असते.

२०२४ मध्ये मोहन बागान सोडून ईस्ट बंगालकडे जाताना झालेला वाद वाचकांना आठवत असेल. महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि १२ कोटी ९० लाख रुपयांची भरपाई ठरवली, प्रकरण पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयात गेले, बंदी टळली आणि तो खेळू लागला. करार कोणी मोडला, यात येथे शिरत नाही. मात्र एका भारतीय सेंटर बॅकसाठी एवढ्या रकमेचा वाद होणे हीच या जागेच्या टंचाईची पावती आहे.

टंचाई का आहे? आयएसएलच्या पहिल्या हंगामांत मैदानावर एकाच वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. पुढे ते पाच आणि २०२१-२२ पासून चार झाले. प्रशिक्षक परदेशी खेळाडू कुठे वापरतो? गोल करायला, मध्यक्षेत्र चालवायला आणि बचावाच्या मधोमध. म्हणजे भारतीय सेंटर बॅकसाठी प्रत्येक संघात बहुधा एकच जागा उरते आणि ती अनुभवी माणसाकडे जाते. तरुणाला राइट बॅक किंवा लेफ्ट बॅक व्हावे लागते, भेकेसारखे. मणिपूरच्या विकास युम्नामचे नाव २०२० मध्ये ‘द गार्डियन’ने २००३ मध्ये जन्मलेल्या जगातील ६० गुणी खेळाडूंच्या यादीत घेतले होते. यादीने नाव मिळते, मिनिटे मिळत नाहीत. त्यात जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील कराराच्या प्रश्नावरून आयएसएलचा हंगामच थांबवला गेला आणि तो सुरू व्हायला २०२६ चा फेब्रुवारी उजाडला. विशीतल्या बचावपटूसाठी असे महिने परत मिळत नाहीत. अन्वरला ते आधीच एकदा भोगून झाले होते.

महाराष्ट्रात तर आयएसएलचा एकच क्लब उरला आहे. पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. कोल्हापुरात तालमींचे संघ हजारोंच्या गर्दीसमोर खेळतात, पण तिथेही टाळ्या ड्रिबल करणाऱ्याला. नाशिकमध्ये फुटबॉल शाळांच्या स्पर्धांपर्यंत जातो आणि बहुतेकांसाठी तिथेच संपतो. त्या स्पर्धा पाहायला गेलात तर एक दृश्य नक्की दिसेल. संघातला सर्वांत उंच मुलगा मागे उभा केलेला असतो आणि बाहेरून सर कळवळून ओरडत असतात : मार, बाहेर मार!

आता काय पाहायचे?

झिंगनचा जन्म १९९३ चा, भेके पस्तिशीला पोहोचला. येत्या दोन-तीन वर्षांत भारताच्या बचावातली ओरडणारी माणसे निघून जातील आणि रांग लावण्याचे काम अन्वरकडे येईल. आजवर तो नेहमी जोडीतला धाकटा होता. चूक झाकायला कोणी तरी शेजारी होते. यापुढे मेहताब सिंग किंवा आणखी एखादा नवखा शेजारी असेल आणि झाकण्याचे काम अन्वरचे असेल. सध्या तो भारताचा सर्वोत्तम चेंडू खेळणारा सेंटर बॅक आहे, सर्वोत्तम बचावपटू अजून नाही, असे माझे मत. तसा होण्यासाठी त्याला कमी देखणे खेळावे लागेल आणि खूप सामने खेळावे लागतील. यातली पहिली गोष्ट त्याच्या हातात आहे. दुसरी महासंघ, क्लब आणि दर काही महिन्यांनी होणाऱ्या त्याच्या हृदयाच्या तपासणीवर अवलंबून आहे.

भारताचा पुढचा सामना पाहताना एक करून बघा. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या मध्यक्षेत्रात असेल तेव्हा पडद्याच्या खालच्या-वरच्या कडेला अन्वर दिसतोय का ते शोधा. तो मान वळवून मागे किती वेळा पाहतो, जोडीदाराला हाताने काही दाखवतो का, आघाडीपटूच्या अंगावर जाण्याआधी थांबतो का. कॅमेरा बहुतेक वेळा चेंडूच्या मागे धावत असल्यामुळे हे नीट दिसणार नाही. स्टेडियममध्ये जाऊन पाहिले तर दिसते.